साखरझोप, आखाड्यावरची

यंदा मार्चात पुण्याचा भाचा बायको-पोरासह आमच्या साखऱ्याच्या आखाड्यावर मुक्कामाला आला. सोबत घडीचा तंबू, हवा भरायची गादी, तंबूच्या आत टांगायचा पांढराशुभ्र दिवा. लेकरू दोन वर्षांचं. आमच्या सेनगाव तालुक्यात शेतातल्या घराला आखाडा म्हणतात आणि तिथं रात्र काढण्याला नुसतं ‘मुक्काम’. त्याला कॅम्पिंग असं नाव आहे हे आमच्या आत्याला त्या दिवशी कळलं. “मंग आपुन जलमभर तेच केलं की,” ती म्हणाली.

साडेनऊला पोराला तंबूत घातलं. साडेअकरा वाजले तरी पोरगं टक्क जागं. बाप दर दहा मिनिटांनी तंबूची चेन सर्रकन उघडून डोकावायचा, आईला विचारायचा, “झोपला का?” आणि झोपायच्या बेतात आलेलं पोर त्या आवाजानं पुन्हा उठून बसायचं. शेवटी आत्यानं बाजेवरूनच हाळी दिली. “आधी तो दिवा इझीव. आन् तू बी आडवा हो. लेकराला वाटते, भाईर कायतरी मज्जा चालू हाये.” दिवा विझला, बाप आडवा झाला, आणि पाऊण तासात पोराचा श्वास लांबला.

बांधापलीकडे शेजाऱ्याची हळद शिजत होती. कुकरची वाफ, लाकडांचा जाळ, माणसांची ये-जा. तिथं कामावर आलेल्या जोडप्याचं साधारण तेवढंच लेकरू दिवस मावळला तसं पोत्यांच्या थप्पीशेजारी वाकळीवर झोपून गेलं होतं. एवढ्या गलक्यात त्यानं कूससुद्धा बदलली नाही. पण पहाटे साडेतीनला आईची कामाची पाळी लागली, तिची ऊब गेली, आणि ते रडत उठलं.

एका शिवारात एका रात्री दोन लेकरं. एकाला झोप लागत नव्हती, दुसऱ्याची टिकू दिली नाही. घराबाहेर, उघड्यावर लहान मूल नीट झोपावं म्हणून काय करावं, या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी, बायाबापड्यांनी आणि हौशी भटक्यांनी जे जमवून ठेवलंय ते चाळताना ही दोन्ही लेकरं माझ्या डोळ्यांसमोर होती.

आधी हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास. यात दुपारची झोप धरलेली आहे, आणि सहलीत पहिला बळी जातो तो तिचाच. दुपारी झोपू दिलं नाही की रात्री ढाराढूर झोपेल हा आपला हिशेब मोठ्या माणसाला लागू पडतो. दोन वर्षांचं पोर मात्र दमलं की चेकाळतं, आणि एकदा डोळ्यांवरची झोप उडाली की तासभर तरी परतत नाही. उलटा घोळही तितकाच नेहमीचा. संध्याकाळी पाचला जीपमध्ये बसलं की पोर मांडीवर डोकं टाकतं, तासभर छान झोपतं, आणि मुक्कामी पोचेपर्यंत रात्रीची झोप गाडीतच खर्ची पडलेली असते. निघायचं तर जेवून, दुपारच्या झोपेच्या वेळी निघावं. भाच्याचं पोर पाचला नेमकं गाडीतच होतं.

किती वाजता झोपवावं यावर मात्र जगाचं एकमत नाही. जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १७ देश-प्रदेशांतल्या २९ हजारांवर तान्ह्या-रांगत्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत भारतही होता. न्यूझीलंडची मुलं सरासरी ७ वाजून २७ मिनिटांनी झोपत, हाँगकाँगची १० वाजून १७ मिनिटांनी. आशियातली मुलं उशिरा आणि कमी झोपतात, आणि बहुतेक आईबापांच्याच खोलीत, पुष्कळदा त्यांच्याच अंथरुणात. मुलानं आपल्या खोलीत एकट्यानं झोपायला शिकावं या पायावर उभी असलेली इंग्रजी पुस्तकं आपल्याकडे निम्मी निरुपयोगी ठरतात ती यामुळेच. तंबूत तर त्यांचं काहीच चालत नाही. एकदा चेन लावली की न्यूझीलंडचं कुटुंबही साखऱ्याचं होऊन जातं, सगळे एका ओळीत.

उजेडाचा विषय सगळ्यांत भक्कम आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये आठ प्रौढांना आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत ठेवलं. विजेरी नाही, मोबाइल नाही, रात्री फक्त शेकोटी. आठवड्याअखेर त्यांच्या शरीरातलं घड्याळ जवळजवळ दोन तास अलीकडे सरकलं होतं, आणि रात्रीची चाहूल देणारं मेलाटोनिन सूर्यास्ताच्या सुमारास वाढू लागलं होतं. त्याच विद्यापीठाच्या मोनिक लबुर्जवा यांच्या गटानं २०१८ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांना झोपायच्या आधी तासभर झगझगीत उजेडात खेळवलं. मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी खाली आलं, आणि दिवा काढून पन्नास मिनिटं झाली तरी बहुतेक मुलांत ते सावरलं नव्हतं. पुढं २०२२ च्या अभ्यासात मंद उजेडानंही मुलांचं मेलाटोनिन बरंच दबलं. लहान मुलाच्या डोळ्याचं भिंग नितळ आणि बाहुली मोठी, त्यामुळे आपल्याला साधा वाटणारा दिवा त्याच्या आत भसकन शिरतो.

आत्याच्या ‘इझीव’नंतरचा तो पाऊण तास मला त्यामुळे निव्वळ योगायोग वाटत नाही. अर्थात बापही त्याच क्षणी आडवा झाला होता, तेव्हा दिव्याचं किती नि बापाचं किती हे कोण सांगणार? चुलीच्या आराच्या किंवा शेकोटीच्या उजेडात भरवलेल्या मुलाला तेवढा त्रास होत नाही, कारण तो उजेड तांबूस आणि मंद असतो. तंबूत दिवा लागतोच म्हणणाऱ्यांनी तो पायथ्याशी, जमिनीलगत, कापडाखाली ठेवावा. आणि दिवसा, विशेषतः सकाळी, पोराला भरपूर उन्हात हुंदडू द्यावं. घड्याळ दोन्ही टोकांनी लावावं लागतं.

नव्या जागेचं काय? अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री प्रौढांच्या मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, पहाऱ्यावर असल्यासारखा राहतो. हा प्रयोग मोठ्यांवर होता, लेकरांवर नाही. पण पहिल्या रात्री आईबापच अर्धे जागे असतात आणि पोर त्यांच्या कुशीत असतं, एवढं त्यातून नक्की निघतं. सहल एकाच रात्रीची असेल तर वाट्याला सगळीच पहिली रात्र येते. लहान मूल असेल तर एकाच जागी दोन रात्री काढाव्यात, रोज नवं ठिकाण गाठू नये, असं माझं मत या एका गोष्टीवरून झालंय.

मिंडेल यांचाच २००९ चा एक अभ्यास ४०५ आया आणि त्यांच्या मुलांवर आहे. आंघोळ, मालिश, मग शांतपणे काहीतरी, मग दिवा बंद, हा क्रम रोज तसाच ठेवला तर दोनच आठवड्यांत मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली. आपल्या आज्यांना याचं हसू येईल. न्हाऊ घालायचं, टाळूला तेल, मग पायांवर घेऊन थोपटायचं, हे त्यांनी कुठल्या आठवड्यांत मोजलं? तरी त्या अभ्यासातली एक गोष्ट प्रवासाला फार कामाची आहे. खोली, पाळणा, पंखा घरी राहतात, पण क्रम बरोबर नेता येतो. चुलीवरचं तांब्याभर कोमट पाणी, हातपाय पुसणं, तीच अंगाई, तेच थोपटणं. आणि तीच वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोरा घातलेली, आईच्या अंगाचा, दुधाचा, घरातल्या धुराचा वास मुरलेली वाकळ असताना लोक मुलासाठी नवीकोरी झोपपिशवी घेतात, तिला दुकानाचा वास येतो आणि ते लेकरू पाय झाडत बसतं. तंबू नेणारच असाल तर निघण्याआधी दोन-तीन रात्री घरातच, दिवाणखान्यात ठोका आणि पोराला दिवसा त्यात खेळू द्या. मुक्कामी पोचेपर्यंत तो त्याच्या घराचाच एक कोपरा झालेला असतो.

अंथरुणाबद्दल मात्र मला आत्याचं काम जवळून दाखवायचंय, कारण इथं चुका सर्वांत जास्त होतात. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, म्हणून फार गुंडाळलेलं मूल तळमळतं. पण पहाटे तीन-चारला, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा, थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून लागते. लोक दोन ब्लँकेटं वर घालतात, खाली एक चादर. हवेची गादी तर आणखी फसवी, तिच्यातली हवा गार पडली की मूल गार हवेवरच निजलेलं असतं. आत्या हिवाळ्यात बाजेवर आधी पोती पसरते, कारण बाजेखालून वारा खेळतो. त्यावर घोंगडं दुमडून, त्यावर वाकळ, आणि वर मात्र एकच पांघरूण. मे महिन्यात पोती आणि घोंगडं दोन्ही जातं, नुसत्या सुताच्या बाजेवर एक धोतराची घडी. रात्री एकदा उठून ती पोराच्या मानेमागे दोन बोटं घालते. घामट लागली तर पांघरूण कमरेपर्यंत ओढते, गार लागली तर स्वतः सरकून जवळ येते. तळहात-तळपाय बघत नाही, लेकराचे हातपाय गार असतातच. डॉक्टरही हेच सांगतात.

वर्षाच्या आतल्या बाळाचा प्रश्न वेगळा. त्याला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उशी-गादी-गोधड्यांच्या ढिगाविना झोपवावं असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये पुन्हा बजावलंय. हवेची मऊ गादी त्यात मुळीच बसत नाही. आणि जिथं तंबूबाहेर ‘बैठक’ बसते तिथं एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. दारू घेतलेल्या माणसाच्या कुशीत तान्हं मूल देऊ नये, मग तो बाप का असेना.

बाज उंच असते त्याचं आणखी एक कारण जमिनीवर सरपटतं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचा दंश बहुधा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, तेव्हा उलगडा होतो, तोवर तास गेलेले असतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. पावसाळ्यात तो धोका सर्वांत जास्त. म्हणून जून ते सप्टेंबर लहान मुलासह उघड्यावरचा मुक्काम मी सरळ टाळीन. एरवी बाज आणि मच्छरदाणी, कडा अंथरुणाखाली खोचलेली. मच्छरदाणीमुळे सर्पदंश कमी होतात हे नेपाळच्या तराईत अभ्यासून दाखवलेलं आहे. डासांपासूनचं संरक्षण वेगळं मिळतंच. विंचवासाठी सकाळी बूट आणि पांघरुणं झटकायची. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला तोवर कोकणात कितीतरी लेकरं दगावत होती. सापाचं किंवा विंचवाचं काही झालं तर मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा, तिथं प्रतिसर्पविष फुकट मिळतं. मुक्कामाच्या जागेपासून तो किती लांब आहे हे दिवसा उजेडीच विचारून ठेवलेलं बरं.

थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी घेणं हा तर शुद्ध वेडेपणा. निखारा विझत आलेला दिसतो, पण कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. डासांची कॉइलही बंद तंबूत नको.

मुलाला झोपवायचे आडमार्गही नवे नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया बाळाला अफूची बाळागोळी देऊन कामावर जात, हे १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत नोंदलेलं आहे. त्यांना दोष देण्याचं मला धाडस होत नाही. पण आज गाडीत बसण्याआधी “सर्दीचं थोडं दे, म्हणजे झोपून जाईल” म्हणणाऱ्यांना गिरणीचा भोंगा बोलावत नसतो. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्र औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये लेबलवर छापायला लावलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात भेसळीच्या खोकल्याच्या औषधानं मुलं गेली, तेव्हा केंद्रानं पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत. गुंगी म्हणजे झोप नव्हे.

इथवरचं सगळं ज्यांनी मुक्काम हौसेनं निवडला त्यांच्यासाठी झालं. आमच्या तालुक्यातून, परभणी-जालना-बीडमधून दसरा-दिवाळीनंतर जी कुटुंबं उसाच्या फडावर जातात त्यांचा मुक्काम पाच-सहा महिन्यांचा असतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. राहायला कोपी, म्हणजे बांबूच्या कमानीवर पाचट नि ताडपत्री, आत वाकून शिरायचं. तंबू म्हणून पाहिलं तर कोपी वाईट नाही. वारा खेळतो, दव गळत नाही, अंधार पुरेसा, सगळे एकत्र. तिथली लेकरं झोपतातही लवकर, कारण दिवा नसतो आणि आयाही दमून लवकर पडतात.

पण बाई तीन-चारला उठते. भाकरी, पाणी, मग अंधारातच फड. लेकराला उचलून न्यावं लागतं, नाहीतर थोरल्या भावंडावर, जे स्वतःच सहा-सात वर्षांचं, सोपवावं लागतं. फडात बांधावर पाचटाची गादी, किंवा बैलगाडीला बांधलेली झोळी. त्यातच गाडी भरायला ट्रॅक्टर कधी येईल याचा नेम नसतो, आला की मध्यरात्रीही उठायचं. झोपेत असलेलं मूल अंधारात दिसत नाही म्हणून वाहनाखाली आल्याच्या बातम्या येतात. जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात तर बिबट्या आहे. इथवर आलेल्या तीन गोष्टींपैकी अंधार आणि ओळखीचं अंथरूण ही माय देते. तिसरी, म्हणजे शेजारी आडवं राहिलेलं माणूस, ती देऊ शकत नाही, आणि ते तिच्या हातात नाही. मुलाच्या झोपेवर एवढं लिहिलं जातं, पण ऊसतोड बाईची पहाट कितीला सुरू व्हावी हा बालसंगोपनाचा प्रश्न आहे असं फारसं कुणी लिहीत नाही. कारखान्यांच्या वजनकाट्याच्या वेळा ठरलेल्या असत्या आणि ट्रॅक्टर दिवसा आले असते, तर माझ्या मते त्या लेकरांच्या झोपेत कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त भर पडली असती.

मराठवाड्यानं बिनहौशीचं आणखी एक उघड्यावरचं झोपणं पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोक कितीतरी दिवस घरात झोपायला धजत नव्हते. आमच्या जिल्ह्यात २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हाही काही रात्री बाजा अंगणात आल्या. मोठ्यांचा डोळा लागला नाही. लेकरांना मात्र तारे बघत झोपायची मजा वाटली, कारण सगळं घर त्यांच्या आजूबाजूला होतं आणि कुणीही कुठं जात नव्हतं.

पवनेच्या काठी, भंडारदऱ्याला काजवे बघायला, लोणारला, कुठं ना कुठं आता तंबूंच्या रांगा लागतात. मला त्यांचं वावडं नाही. पण रात्री अकरापर्यंत स्पीकर, बारापर्यंत बार्बेक्यू, आणि सकाळी सातला पूर्वेकडून ऊन आलं की नायलॉनचा तंबू भट्टीसारखा तापतो, अशा जागी मुलाची झोप मागू नये. झाडाच्या पश्चिमेला तंबू लावला तर सकाळचा तासभर मिळतो. रांगेच्या टोकाची जागा मागून घ्यावी. आणि आईबापांपैकी एकानं आळीपाळीनं त्या संध्याकाळवर पाणी सोडावं, आठला पोराशेजारी आडवं व्हावं, बाहेर कितीही गाणी रंगली तरी उठू नये. साखरझोप लाभायची असेल तर कुणाची तरी संध्याकाळ मोकळी हवी, मग ती पवनेला असो की फडावर.

भाच्याचं पोर सात वाजता घामानं थबथबून उठलं. तंबू नेमका उगवतीला तोंड करून होता. बांधापलीकडे हळद वाळत घालायचं काम सुरू झालं होतं. पहाटे साडेतीनला उठलेलं ते दुसरं लेकरू आता बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत होतं. त्याची आई टोपलं भरून न्यायची, पसरायची, रिकामं टोपलं घेऊन परत यायची, आणि दर फेरीला झोळीपाशी येताच न थांबता, हळदीनं पिवळ्या झालेल्या हातानं एक झोका द्यायची. भाचा चहाचा कप हातात घेऊन बघत होता. सातव्या-आठव्या फेरीला झोळीतनं आवाज यायचा थांबला. तरी तिनं झोका दिलाच.